मदत हवी आहे: भंगारातली निसान लीफची मोटर, कापलेला रिझॉल्व्हर आणि १९६६ची मॉरिस मायनर

नमस्कार मंडळी,

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे स्टेटर, स्लॉट, वार्निश हे शब्द शाळेत जायच्या आधीपासून कानावर आहेत. तरी गेले तीन आठवडे एका मोटरपुढे अडून बसलोय.

गाडी आहे मॉरिस मायनर, १०९८ सीसीची. आपल्याकडे हिचीच जुनी बहीण 'बेबी हिंदुस्थान' नावाने धावायची. इंजिनाचा ब्लॉक तडकलाय, बॉडी मात्र ठणठणीत. तिच्यात निसान लीफ या विजेवरच्या गाडीची मोटर बसवायची आहे. लीफ इथून जवळच संडरलँडला बनते, त्यामुळे अपघाती गाड्यांचे भाग या भागात मिळतात. मी २०१४च्या गाडीचा माल घेतला: ईएम५७ मोटर (८० किलोवॉट, २५४ न्यूटन-मीटर), तिचाच इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा) आणि रिडक्शन गिअरबॉक्स. तिन्ही एकाच गाडीचे घेतले, मुद्दामच.

घोळ असा झाला. भंगारवाल्याकडच्या मुलाने इन्व्हर्टर मोटरवरून काढताना रिझॉल्व्हरचा (रोटरचा कोन सांगणाऱ्या सेन्सरचा) प्लग सोडवला नाही, सरळ कटरने तोडला. मोटरच्या बाजूला जेमतेम चार बोटं वायर उरली आहे, एकूण आठ तारा, वरची जाळी पिंजलेली. प्लगचा तुकडा कचऱ्यात गेला. इन्व्हर्टरवरचं सॉकेट शाबूत आहे, पण कुठली तार कुठल्या पिनला हे सांगणारं काही नाही. मी तक्रार केली तर म्हणाले, मोटर तर दिली ना.

आतापर्यंत काय तपासलं ते सांगतो. दुकानात मोटर आली की वडील मीटर लावायच्या आधी झाकण उघडून वास घ्यायचे. मीही टर्मिनलचं झाकण काढून तेच केलं. जळक्या वार्निशचा वास नाही, तांबं स्वच्छ. मग इन्व्हर्टर पूर्ण वेगळा ठेवून तिन्ही फेज ते बॉडी ५०० व्होल्टचा मेगर मारला, इन्सुलेशन उत्तम आहे. आठ तारांमध्ये साध्या मीटरने चार जोड्या सापडल्या. दोन जोड्यांचा रोध जवळपास सारखा, म्हणजे त्या रिझॉल्व्हरकडून कोन सांगणाऱ्या, साइन आणि कोसाइन असाव्यात. एकीचा त्यांच्यापेक्षा वेगळा, ती एक्सायटेशन, म्हणजे रिझॉल्व्हरला सिग्नल पुरवणारी असणार. चौथी जोडी तापमान सेन्सरची, मोटर गरम केल्यावर आकडा हलतो. पण जोडीतली सुलट तार कुठली, उलट कुठली, आणि साइन कुठली, कोसाइन कुठली, हे ओहममीटर सांगत नाही. ही कायमचुंबकाची मोटर आहे. रोटर नेमका कुठल्या कोनात आहे हे कळल्याशिवाय इन्व्हर्टर करंट नीट सोडूच शकत नाही. चुकीची जोडणी करून ८० किलोवॉटच्या मोटरला धक्का द्यायची माझी हिंमत नाही.

माझे प्रश्न:

१. रिझॉल्व्हरच्या तारांची ओळख खात्रीने कशी पटवायची?

२. लीफच्या इन्व्हर्टरला ॲक्सिलरेटर थेट जोडता येत नाही. ५०० केबीपीएसच्या कॅन बसवर (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांवर) दर १० मिलिसेकंदांनी 'एवढा टॉर्क दे' असा निरोप लागतो, आणि निरोपातला काउंटर किंवा सीआरसी (निरोप बिनचूक आहे का हे तपासायचा आकडा) चुकला तर तो ऐकत नाही. ओपनइन्व्हर्टर या हौशी मंडळींच्या गटाचा झॉम्बीव्हर्टर नावाचा बोर्ड हे निरोप पाठवतो. तो लावावा, की इन्व्हर्टरमधला कंट्रोल बोर्डच बदलावा? कोणी स्वतः केलंय का?

३. मायनरचा मूळ गिअरबॉक्स ठेवू की मोटर थेट प्रॉपेलर शाफ्टला जोडू? माझा हिशोब असा. जुनं इंजिन ८१ न्यूटन-मीटर द्यायचं, पहिला गिअर ३.६३चा, म्हणजे शाफ्टवर २९४ येत होते. लीफची मोटर थेट जोडली तरी २५४च. मागचा डिफरन्शिअल ४.२२चा, त्यामुळे ताशी ८० किलोमीटरला मोटर साधारण ३,००० फेरे फिरेल. ती १०,००० पर्यंत फिरू शकते, म्हणजे मोटरला हे काहीच नाही. मला थेट जोडणी पटते. पण जुन्या हाफशाफ्टला (मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांना) हा टॉर्क शून्य वेगापासून एकदम मिळणार, त्याची धास्ती आहे.

कागदपत्रांचं इथल्या डीव्हीएलएशी (वाहन नोंदणी खात्याशी) बोलून करतोय. मूळ बॉडी कुठेही कापायची नाही हे पक्कं.

प्रतिसाद (कोल्हापूर): भावा, वास घेतलास हे झकास केलंस. मेगर फक्त बॉडीशी गळती सांगतो, वेढे आपसात शॉर्ट असतील तर नाही सांगत. तिन्ही फेज मोकळे ठेवून शाफ्ट हाताने फिरव, मग दोन-दोन फेज एकत्र बांधून फिरव. बांधल्यावर काकवीत पळी फिरवल्यासारखं जड लागलं पाहिजे आणि तिन्ही जोड्यांना सारखंच जड. मोकळे असतानाच जड लागलं तर आत शॉर्ट आहे, नाहीतर बेअरिंग गेलंय.

प्रतिसाद (पुणे): मी मोटर कंट्रोलमध्ये काम करते. रिझॉल्व्हरच्या बाबतीत अंदाज नको. त्याच पिढीच्या दुसऱ्या बाद मोटरचा शेपटासकट प्लग मिळवा आणि रंगाला रंग जोडा. जोड एकाच जागी घेऊ नका, पुढेमागे घ्या. जोड्यांचा पीळ शक्य तितका टिकवा आणि जाळी सलग करा, नाहीतर फेजच्या केबलचा गोंगाट आत शिरेल. बोर्ड बदलू नका. मूळ बोर्डाला या मोटरचं कॅलिब्रेशन माहीत आहे, बदललात तर रिझॉल्व्हरचा ऑफसेट (त्याच्या आणि रोटरच्या कोनातला फरक) शोधण्यापासून सगळं तुम्हाला करावं लागेल. आणि ३६० व्होल्टची बॅटरी जोडायच्या आधी प्रीचार्ज, म्हणजे कपॅसिटर आधी रोधातून हळूहळू भरणं, नीट समजून घ्या. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे असताना कॉन्टॅक्टर (बॅटरीचा मोठा रिले) थेट मारला तर तो चिकटून बसतो.

प्रतिसाद (सांगली): दादा, हे आमच्याकडे जुन्या जीपला करता येईल का?

धागाकर्ता: सांगलीकर, शेतात, खासगी जागेत प्रयोग करणं वेगळं. भारतात रस्त्यावर चालवायची असेल तर एआयएस-१२३ या विजेवर रूपांतराच्या किटच्या मानकाप्रमाणे मंजूर झालेलं किटच बसवावं लागतं आणि आरटीओत नोंद लागते. भंगारातली सुटी मोटर त्यात बसत नाही. पैसे घालायच्या आधी हे बघा.

पुण्याच्या ताई, प्रीचार्ज म्हणजे आपला सिरीज बल्बच की! वडील दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू आधी बल्ब सिरीजमध्ये ठेवून लावायचे. इतके दिवस वाचूनही हे डोक्यात आलं नव्हतं.

कोल्हापूरकर, काल रात्री तुमची परीक्षा घेतली. फेज मोकळे असताना शाफ्ट दोन बोटांनी फिरतो. दोन फेज बांधले की मनगट लावावं लागतं, आणि तिन्ही जोड्यांना सारखंच. वाइंडिंग चांगलं आहे. फार बरं वाटलं.

प्लगची शेपटी दुसऱ्या भंगारवाल्याकडे मिळाली, रंग जुळतात. आज सोल्डर केलं, जाळी जोडली, आणि प्लगच्या पिनांवर पुन्हा चारही रोध मोजले. तारांच्या टोकांना आले होते तेच आकडे आले. मूळ बोर्ड आणि झॉम्बीव्हर्टर असं ठरवलंय. पहिली चाचणी मोटर बाकावर घट्ट बांधून, टॉर्क २० न्यूटन-मीटरवर अडवून, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून आणि शेजारी दुसरा माणूस उभा करूनच करेन.

तिसरा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. मायनरचा मागचा ॲक्सल कोणी उघडलाय का? टॉर्क किती मिलिसेकंदांत चढवला तर हाफशाफ्ट सुखरूप राहतील, याचा अनुभवाचा आकडा हवा आहे. कपलिंगसाठी लीफच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट कापावा लागेल, आणि एकदा कापला की परत जोडता येणार नाही. त्याआधी विचारतोय.