टेसेरा आणि रेशनकार्ड

पेठेतली मावशी:
भाचीने बळेच वाचायला लावलं म्हणून ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी वाचली. मारामारी विसरले, टेसेरा मात्र डोक्यातून जात नाही. एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल घ्यायचं, बदल्यात, मुलांना जीवघेण्या खेळात पाठवणाऱ्या सोडतीत आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी! सोळाव्या वर्षी नायिका कॅटनिसच्या वीस, तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या बेचाळीस. लहानपणी नारायण पेठेत रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभी राहायचे, तेच आठवलं. ही गोष्ट पुण्यात घडली तर कॅपिटल, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांवर राज्य करणारी ती श्रीमंत राजधानी, कुठे असेल?

टँकरग्रस्त:
मे महिन्यात आमच्या सोसायटीत या, मावशी. नदीपलीकडे गाड्या धुतात, इकडे बादल्या मोजतात. झालं कॅपिटल.

जुना वाचक:
असं सरसकट पुण्यात आणू नका. कॅटनिसचा बारावा जिल्हा अमेरिकेच्या डोंगराळ अ‍ॅपलाचियातल्या कोळशाच्या खाणींचा आहे, ती काजळी काढली तर काय उरतं? शिवाय ‘पॅनेम’ हे त्या देशाचं नाव लॅटिनमधल्या ‘भाकरी आणि खेळ’वरून आलंय.

पेठेतली मावशी:
भाकरी! हे भाचीलाही ठाऊक नव्हतं. पण टँकरवाल्यांचं पटलं हो. आमच्याकडेही आज पाणी नाहीये.