मदत हवी आहे : सही करण्याआधी नोकरीचा करार वकिलाकडून तपासून घ्यायचा आहे

नमस्कार.

मी पुण्यात इंजेक्शन मोल्डिंगच्या (साच्यात प्लास्टिकच्या वस्तू घडवण्याच्या) क्षेत्रात टूल डिझायनर, म्हणजे साच्यांची डिझायनर म्हणून नऊ वर्षे काम करते आहे. चाकणच्या एका कंपनीकडून मला ऑफर आली असून पद, पगार आणि काम या तिन्ही गोष्टी मनासारख्या आहेत. अडचण आहे ती ऑफर लेटरसोबत आलेल्या तेवीस पानी कराराची. सही करून देण्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे आणि त्यांतले तीन दिवस संपले. करार नीट वाचून कोणत्या अटी बदलून मागाव्यात व त्या कशा शब्दांत मागाव्यात, हे सांगणारा वकील मला हवा आहे.

रुजू झाल्यावर कंपनी मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवणार आहे. त्या बदल्यात ३६ महिने नोकरी सोडायची नाही. सोडल्यास ८ लाख रुपये भरायचे; यालाच बाँड म्हणतात. दुसऱ्या महिन्यात सोडली काय किंवा पस्तिसाव्या महिन्यात सोडली काय, रक्कम तीच. हमी म्हणून सही केलेले दोन कोरे धनादेश आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवायचे आहे. मी राजीनामा दिला तर नोटीस पीरियड ९० दिवसांचा, कंपनीने काढले तर ३० दिवसांचा. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे भारतात कुठेही ‘तत्सम किंवा संबंधित व्यवसायात’ काम करायचे नाही, आणि प्लास्टिकचे साचे बनवणारी प्रत्येक कंपनी या शब्दांत बसते. काम चाकणला असले तरी वाद झाल्यास तो फक्त चेन्नईच्या न्यायालयात चालवायचा, कारण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय तिथे आहे.

मी इतकी धास्तावले आहे त्याला कारण आहे. पहिल्या नोकरीत रुजू होण्याच्या दिवशी एचआरच्या बाईंनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला होता. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, सही कुठे करायची ते दाखवणारी, पेन्सिलीने काढलेली बारीक फुली होती. मी फुल्या बघत गेले, मजकूर वाचलाच नाही. चौदा महिन्यांनी ती नोकरी सोडली तेव्हा माझे पदवी प्रमाणपत्र सात महिने त्यांच्या कपाटात अडकून पडले. बाबा सांगलीहून पहाटेच्या एसटीने दोनदा आले आणि दिवसदिवस त्यांच्या रिसेप्शनमध्ये बसून राहिले. शेवटी साठ हजार रुपये भरून ते सोडवले. ते पैसे आम्ही खरोखर देणे लागत होतो का, हे मला आजही कोणी सांगितलेले नाही.

आतापर्यंत तीन वकिलांशी बोलले. पहिले आमच्या ओळखीचे; त्यांचे काम जमिनीच्या दाव्यांचे असल्याने हा विषय आपला नाही असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसरे म्हणाले, ‘सही करून टाका, बाँडला काही अर्थ नसतो, नोटीस आली तर या.’ तिसऱ्यांनी थेट कंपनीला कायदेशीर नोटीस पाठवण्याची फी सांगितली. मला भांडण नको आहे, मला ही नोकरी हवी आहे. असे काम नेमके कोणते वकील करतात, त्यांची फी कशी ठरते, आणि वकिलाने कंपनीशी बोलावे की मी, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, मी अनेक वर्षे कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात वकिली करतो. करार पाहिलेला नसल्याने पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती समजावा.

बाँडला काही अर्थ नसतो, हा समज आधी मनातून काढून टाका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची सेवा आणि ती पूर्ण न केल्यास २ लाख रुपये ही अट वैध ठरवली आहे. ती बँक सार्वजनिक क्षेत्रातली होती आणि भरतीच्या खर्चाचा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला, त्यामुळे तो निकाल तुमच्या कराराला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. पण त्याकडे दुर्लक्ष करून सही करू नये. दुसरीकडे, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. म्हणून वाटाघाटीत दोन गोष्टी मागा : रक्कम प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाशी जोडलेली असावी, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक ती छत्तिसाव्या हिश्शाने कमी व्हावी. तसे झाल्यास दोन वर्षांनी ८ लाखांऐवजी सुमारे २ लाख ६७ हजारच उरतील.

नोकरी सोडल्यानंतरच्या दोन वर्षांच्या बंदीवर तुमची ताकद फार खर्च करू नका. करार कायद्याच्याच कलम २७ नुसार अशी बंदी सामान्यतः निरर्थक ठरते. मात्र करार चालू असतानाची बंदी वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तेव्हा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली होती.

माझ्या मते या करारातली सर्वांत धोक्याची गोष्ट कोरे धनादेश ही आहे. त्यांत रक्कम कंपनी भरणार, आणि धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तिथे देणे होते असे गृहीत धरले जाते. ते नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. धनादेश आणि मूळ प्रमाणपत्र या दोन बाबींवर ठाम राहा. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत द्या. चेन्नईच्या अटीबाबतही आत्ताच बोला. नोकरीच्या करारातील अशी अधिकारक्षेत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका खासगी बँकेच्या प्रकरणात मान्य केली आहे, त्यामुळे ती नंतर सहजासहजी हटणार नाही.

वकील शोधताना ‘सेवाविषयक आणि कामगार कायद्याचे काम करणारे’ असे विचारा. वकिलांना जाहिरातीची मनाई असल्याने इंटरनेटवरील याद्यांपेक्षा त्या न्यायालयांत जाणाऱ्या कोणाची तरी शिफारस जास्त उपयोगी पडते. करार वाचून लेखी टिपण देण्याची एकरकमी फी आधीच ठरवा आणि त्यांनी याच कंपनीचे काम कधी केले आहे का, हेही विचारा. खर्च अवघड वाटत असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत विधी सेवा मिळू शकते. १५१०० हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक.

प्रतिसाद २

वकीलसाहेबांशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. मी एचआरमध्ये काम केले आहे. वकिलाच्या लेटरहेडवरचे पत्र आले की आमच्याकडे फाइल सरळ विधी विभागाकडे जायची आणि तिथे ती पडून राहायची. तेच मुद्दे उमेदवाराने स्वतःच्या नावाने, आभार मानून, ‘या चार कलमांत पुढीलप्रमाणे बदल करता येईल का’ असे ईमेलने विचारले, तर त्याच दिवशी विभागप्रमुखांशी बोलता यायचे. मसुदा वकिलाकडून घ्यावा, पाठवावा मात्र स्वतः. आणि मुदत वाढवून हवी असल्यास ती आजच मागा. शेवटच्या दिवशी मागितली की नकाराची शंका येते.

धागाकर्ती

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. मुदतवाढीचा ईमेल काल पाठवला आणि पाच दिवस वाढवून मिळाले. प्राधिकरणाच्या कार्यालयातही जाऊन आले. तिथल्या वकील बाईंनी गुरुवारी पूर्ण करार घेऊन बोलावले आहे. एचआरशी फोनवर बोलताना प्रमाणपत्राऐवजी साक्षांकित प्रत चालेल असे त्यांनी तोंडी मान्य केले, आणि मी ते लगेच ईमेलने लिहून कळवले. धनादेशांवर मात्र ‘सगळेच देतात’ एवढेच उत्तर मिळाले. कोऱ्या धनादेशांऐवजी दुसरी एखादी हमी कंपनीने स्वीकारल्याचा कोणाला अनुभव असल्यास ती कोणती होती आणि करारात ती कशा शब्दांत लिहिली गेली, हे गुरुवारच्या आत कळवाल का?