माझ्या अळूवडीपुढे 'एक्झॉटिक' अशी चिठ्ठी लावली, मला लागलं, तुम्हाला काय वाटतं?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी, महिनाभर मनात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात ऑफिसात प्रत्येकाने घरचा एक पदार्थ करून न्यायचा होता, मी अळूवड्या केल्या. इथे बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानांत अळूची पानं मिळतात, ती आणली, शिरा लाटण्याने चेपल्या, चिंच-गुळाचं बेसन चोपडून उंडे वळले, रात्री उकडून ठेवले आणि सकाळी पाचला उठून कापून तळले, वरून तीळ. हाताला खाज सुटली ती वेगळीच. तर मी डबा ठेवून चहा घेऊन परत येईपर्यंत कुणीतरी सगळ्यांपुढे चिठ्ठ्या लावल्या होत्या. लझान्यापुढे 'लझान्या', पोलंडच्या मुलीच्या पदार्थापुढे 'पिएरोगी', अगदी बरोबर स्पेलिंग, आणि माझ्यापुढे 'एक्झॉटिक इंडियन रोल्स'. मला नाव विचारलंसुद्धा नाही हो!

वड्या दहा मिनिटांत संपल्या, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. नवरा म्हणतो अगं चांगल्या अर्थानेच लिहिलंय, कशाला मनाला लावून घेतेस. पण मला राहून राहून वाटतं की इटलीचं परदेशी नाही, पोलंडचं नाही, मग माझंच का? दुसरीकडे असंही आहे की पुण्यात आईचा भाजीवाला ब्रोकोली दाखवत 'ताई, एक्झॉटिक आहे' म्हणतो तेव्हा मला काहीच खटकत नाही. तर हा शब्द आता जुनाट किंवा अपमानकारक झालाय का? आणि पुढच्या वेळी काही बोलावं की गप्प बसावं?

शब्दवेडा:
शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ फक्त 'बाहेरचा'. आपल्याकडे हेच काम 'विलायती' करतं ना! विलायती चिंच घ्या, ती मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, विलायतेशी काही संबंध नाही, पण बाहेरून आली म्हणून विलायती. यात कुणाचा अपमान नाही.

पण गंमत पुढे आहे. विलायत मूळ अरबी शब्द, प्रांत किंवा राज्य अशा अर्थाचा. तोच हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोजिरांनी उचलला आणि त्याचं 'ब्लायटी' झालं, आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला आपलं घर, मायदेश. म्हणजे एकच शब्द, आपल्याला परका मुलूख आणि त्यांना घर. एक्झॉटिकचंही तेच, पदार्थात काही नसतं, बोलणारा कुठे उभा आहे तेवढंच कळतं. तुमच्या ऑफिसात चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती लझान्याच्या घरात उभी होती आणि तुमच्या घराबाहेर. त्यामुळे तुम्हाला लागलं ते बरोबरच आहे असं माझं मत.

शिवारातून:
ताई मी जुन्नर तालुक्यातला. आमच्या बाजूला बरेच जण लाल कोबी, ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी करतात, बाजारात याला कुणी इंग्लिश भाजी म्हणतं, कुणी चायनीज भाजी, कुणी एक्झॉटिक. आम्हाला या शब्दाचा एकच अर्थ माहीत, हा माल हॉटेलात जाणार आणि हॉटेल चाललं तर भाव मिळणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा मी झुकिनीच्या उभ्या पिकावर रोटर फिरवून ते मातीत घातलं, कारण साध्या गिऱ्हाईकाला ती करायची कशी हेच माहीत नव्हतं, कोबी फ्लॉवर निदान दारोदार विकता आला. तेव्हापासून मला वाटतं एक्झॉटिक म्हटलं की माल लोकांच्या रोजच्या ताटापासून लांबच राहतो. नुसतं झुकिनी म्हणा, दोडक्यासारखी कापा, मूगडाळ घालून भाजी करा, खपेल.

ड्रॅगन फ्रूटचं बघा, गुजरात सरकारने २०२१ ला त्याचं नाव कमलम केलं, पण आपल्याकडे सांगली-सोलापुरात शेतकरी ड्रॅगनच म्हणतो आणि त्याच वर्षी सांगलीचा माल दुबईला गेला. नाव बदलण्यापेक्षा ओळख होणं महत्त्वाचं, असं मला तरी वाटतं.

सदाफुली_न्यूजर्सी:
मी जरा स्पष्ट बोलते. हो, अमेरिकेत तरी हा शब्द आता खटकतो आणि खटकायलाच हवा. २०२१ च्या जुलैत वॉशिंग्टन पोस्टच्या खाद्यविभागातच लेख आला होता की अन्नाला एक्झॉटिक म्हणणं बंद करा, आणि पुढच्याच महिन्यात त्याच पेपरात एका नावाजलेल्या विनोदी स्तंभलेखकाने लिहिलं की भारतीय जेवण म्हणजे एकाच मसाल्यावर उभं आहे! खाद्यलेखिका आणि टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका पद्मा लक्ष्मी यांनी त्याला जाहीरपणे झाडलं, पेपरला दुरुस्ती छापावी लागली. मला या दोन गोष्टी एकच वाटतात. 'एक्झॉटिक' म्हटलं की पुढे काही जाणून घ्यायची गरजच उरत नाही, गोडा मसाला काय, काळा मसाला काय, मालवणी काय, सगळं एका गोणीत.

आणि इथे हाच शब्द आशियाई बायकांच्या दिसण्याला वापरतात. मला स्वतःला पार्टीत कौतुक म्हणून म्हटलंय, नको वाटतं अगदी, शोकेसमधली वस्तू झाल्यासारखं. त्यामुळे ताटाबद्दल ऐकलं तरी तेच आठवतं. चिंचगूळ, तुझ्या नवऱ्याला हे ऐकून कळणार नाही कदाचित, पण सांगून बघ.

खाडीकाठची:
सदाफुली, पटतंय, पण आपण घरात काय करतो तेही बोलूया ना. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती, त्यात आखुनी, बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका असं सांगितलेलं. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, नागालँडमध्ये रोजच्या जेवणातलं. आणि मुंबईत आम्ही बोंबील भाजले की काय होतं? माझ्या आधीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरून तक्रार आली, मीटिंगमध्ये विषय निघाला, माझी आई सुकट भाजताना खिडक्या लावून घ्यायला लागली. ७२ वर्षांची बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात घाबरून!! मला एक्झॉटिक म्हटलेलं त्यापेक्षा परवडलं असतं, निदान चव तरी घेतली असती. त्यामुळे शब्दापेक्षा वागणं बघा असं मी म्हणेन.

शब्दवेडा:
खाडीकाठची, अगदी. आणि परकं-आपलं किती पटकन बदलतं बघा, उपासाची साबुदाणा खिचडी, त्यातला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, चारही मूळ अमेरिका खंडातले. बटाटा आणि काजू हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आले. आज एकादशीला कुणाला वाटतं का आपण परदेशी खातोय? देवापुढे ठेवतो आपण ते.

चिंचगूळ:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, सदाफुलीचा दुसरा परिच्छेद वाचून तो बराच वेळ गप्प होता.

काल चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सहकारिणीशी बोलले. भांडण नाही, चहा घेतानाच म्हटलं की त्या पदार्थाला नाव आहे. ती एकदम ओशाळली. म्हणाली डबा उघडून बघितला, काय आहे कळेना, चुकीचं काही लिहिण्यापेक्षा चांगला वाटेल असा शब्द लिहिला. मग तिने कागद घेतला आणि 'अ-ळू-व-डी' माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, ळ काही येईना पण तिने सोडलं नाही. मला खूप बरं वाटलं.

आणि बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली जी महिनाभर माझ्याही डोक्यात आली नव्हती. इथे १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे, विकायच्या खाण्यावर ते सांगावेच लागतात, त्यात तीळ आहेत. माझ्या वड्यांवर भरपूर तीळ होते आणि आमच्या टीममधल्या एकाला तिळाची ॲलर्जी आहे. त्या दिवशी तो सुट्टीवर होता म्हणून, नाहीतर 'एक्झॉटिक' वाचून त्याला काय कळणार होतं! येत्या शुक्रवारी परत करतेय, या वेळी चिठ्ठी मीच लिहिणार: अळूवडी. अळूची पानं, बेसन, चिंच, गूळ, तिखट, तीळ.

शिवारातून, झुकिनी मूगडाळ घालून केली, छान झाली, पाणी जरा सुटतं, झाकण न ठेवता करायची का?

शिवारातून:
हो ताई, झाकण नको, आणि मीठ शेवटी घाला.