प्रति: आधी कर्नल, मग रीबूट, मगच वर्ल्ड

वर विचारलंय की फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) सोर्सवरून अपग्रेड करताना इन्स्टॉलकर्नल (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बसवणं) झाल्यावर मध्येच रीबूट कशाला, एका दमात इन्स्टॉलवर्ल्ड (वर्ल्ड म्हणजे कर्नल सोडून सिस्टिमचे बाकीचे प्रोग्राम आणि लायब्ररी) पण उरकलं तर काय बिघडतं. कधीकधी काहीच बिघडत नाही म्हणून लोकांना सवय लागते, पण मेजर व्हर्जन बदलताना असं कृपया करू नका. नवं कर्नल जुने प्रोग्राम चालवून घेतं, त्यासाठीचे कम्पॅटिबिलिटीचे ऑप्शन जेनेरिक कॉन्फिगमध्ये (कर्नलच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये) आधीपासून असतातच, पण जुन्या कर्नलला नवे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडून काम करून घ्यायच्या विनंत्या) माहीतच नसतात ना, त्याने कुठून चालवायचं? १२.० चंच बघा, आयनोड नंबर (फाइल सिस्टिममधला प्रत्येक फाइलचा नंबर) ३२ बिटचे ६४ बिट झाले, त्यामुळे स्टॅटचं (फाइलची माहिती देणाऱ्या कॉलचं) अख्खं स्ट्रक्चर बदललं आणि नव्या नंबरांचे कॉल आले. जुन्या कर्नलला माहीत नसलेला असा नवा कॉल एखाद्या प्रोग्रामने मारला की 'बॅड सिस्टिम कॉल' येऊन कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो.

आणि अजून एक, ज्याकडे कुणी बघत नाही, ते म्हणजे मेक डिलीट-ओल्ड-लिब्स (जुन्या लायब्ररी काढून टाकणारी कमांड). हे सगळ्यात शेवटी, पोर्ट्स (वेगळे बसवलेले बाहेरचे प्रोग्राम) नव्याने बिल्ड करून झाल्यावरच. १३ वरून १४ ला जाताना ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) आलं, त्यातल्या लिबएसएसएल लायब्ररीचा नंबर १११ चा ३० झाला, आणि मी जुनी लायब्ररी आधीच उडवली होती, कर्ल (नेटवरून डाउनलोड करायची कमांड) उठेना, पायथॉनचं एसएसएल मॉड्यूल लोड होईना, अख्खी रात्र गेली. तेव्हा आधी एलडीडी मारून बघा कोण कुठली लायब्ररी धरून बसलंय, आणि सोर्समधली अपडेटिंग नावाची फाइल बिल्ड सुरू करायच्या आधी वाचा.