बीव्हीएससीनंतरचा (पशुवैद्यकीय पदवीनंतरचा) पहिला पगार : आकड्यांत एवढा फरक का?

इंटर्न_उदगीर
नमस्कार. इंटर्नशिप दोन महिन्यांत संपतेय. ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांच्या) कंपनीची फील्डची ऑफर वर्षाला ४ लाख २० हजारांची आहे, पुण्यातलं एक पेट क्लिनिक महिना २५ हजार म्हणतंय. एमपीएससीचा अभ्यास चालूच आहे. डिग्री तीच, पशुवैद्यक कौन्सिलची नोंदणी तीच, मग फरक कशामुळे? ऑफरमध्ये नेमकं काय बघायचं?

कोंबडी_डॉक्टर
आधी ४ लाख २० हजार हातात किती येतात ते काढा. महिना झाला ३५,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (बेसिक १७,५०० धरला तर साधारण ८४०) धरलेली असते. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. राहिले ३०,३०० च्या आसपास. ३५ हजारांतच १० टक्के इन्सेंटिव्ह धरला असेल तर खात्रीचे २६,८०० च. म्हणजे पुण्याच्या २५ हजारांत आणि यात फार अंतर नाही.

इन्सेंटिव्ह बहुधा एफसीआर (किलोभर वजनामागे किती खाद्य लागलं) आणि मरतुकीवर असतो. पिल्लं कमजोर आली, खाद्याची बॅच बिघडली किंवा एप्रिल-मेत उष्माघाताने पक्षी गेले, तर तुमची चूक नसताना तो बुडतो. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या : पहिल्या आठवड्याची मर यात मोजतात का, पेट्रोल किलोमीटरवर की ठोक, आणि एका डॉक्टरकडे किती शेड. फिरणं जास्त आणि भत्ता ठोक असेल तर पगारातूनच पेट्रोल जाणार.

स्मॉल_ॲनिमल_पुणे
क्लिनिकचं गणित वेगळं. नव्या डॉक्टरच्या हातून सुरुवातीला लसीकरण आणि जंतनाशकच होतं, त्यात मालकाला फार सुटत नाही. पैसा शस्त्रक्रिया, सोनोग्राफी, दातांची कामं आणि ॲडमिट पेशंटमध्ये. त्यामुळे मुलाखतीत मार्कांपेक्षा हात बघतात : मांजराला पहिल्या प्रयत्नात आयव्ही (शिरेतली सुई) लागते का, ब्लड स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तात) बॅबेसिया हा परजीवी ओळखता येतो का, भूल दिल्यावर मॉनिटरिंग जमतं का. कुत्रीचं स्पे (नसबंदीची शस्त्रक्रिया) कुणी शेजारी उभं न राहता करता येणं ही मोठी पायरी. ओव्हरीकडची गाठ सुटली तर पोटात रक्तस्राव होतो, म्हणून तो विश्वास बसेपर्यंत मालक केस एकट्याच्या हातात सोपवत नाही.

२५ हजार घ्यायला हरकत नाही, पण सहा महिन्यांनी पगार पुन्हा ठरेल आणि शस्त्रक्रियेत टक्केवारी मिळेल हे आत्ताच लिहून घ्या. रात्रपाळीचे पैसे वेगळे हवेत. सिनियर शिकवणारा नसेल तर तिथे फक्त ड्रेसिंग करत वर्ष जातं.

गोठा_तपासनीस
सरकारीत कौशल्याने सुरुवातीचा आकडा हलत नाही, तो वेतनश्रेणीने ठरतो. एलडीओ (पशुधन विकास अधिकारी) गट-अ ला एस-२० श्रेणी, मूळ ५६,१००. महागाई भत्ता नुसता ५० टक्के धरला तरी ८४,१५०, घरभाडे वेगळं. १९६२ या हेल्पलाइन नंबरच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकावरची कंत्राटी जागा यात मोजू नका, ते ठोक मानधन. अभ्यास करताच आहात तर बँकेचा कृषी क्षेत्र अधिकारीही बघा, स्केल १ ला मूळ ४८,४८०. आरव्हीसीत (लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात) शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीने, कॅप्टनला मूळ ६१,३००, शिवाय १५,५०० लष्करी सेवा वेतन आणि मूळच्या २० टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता).

गाईंची प्रॅक्टिस करायची तर जिथे दूध संघ डॉक्टरची फी शेतकऱ्याच्या दूधबिलातून कापून देतो तोच पट्टा निवडा. नाहीतर उधारीची वही भरते, खिसा नाही.

इंटर्न_उदगीर
धन्यवाद सर. कंपनी दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ डिग्री जमा करायला सांगतेय.

कोंबडी_डॉक्टर
मूळ कागद देऊ नका, दाखवून परत घ्या. एमपीएससीची मुलाखत लागली की कागदपत्र तपासणीला तीच लागतात, आणि बॉण्डच्या वादात अडकली तर हातची पोस्ट जाते. बॉण्डची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं कलम घाला. नोटीस एक महिन्यापेक्षा जास्त नको.