अंदाज १६ हजार, बिल साडेसत्तावीस: गाडी सोडवायची कशी?

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेच्या गाडीवाल्यांच्या गटांत एक पोस्ट फिरतेय. पेट्रोल हॅचबॅक खंबाटकी चढताना तापली, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलं. गॅरेजने तोंडी अंदाज १६,००० सांगितला, बिल आलं २७,५००. वाढीव ओळी अशा: हेड फेसिंग (हेडची बसायची बाजू घासून सपाट करणं) व प्रेशर टेस्ट (तडा आहे का ते बघणं) २,८००, हेड बोल्ट १,९००, वॉटर पंप २,६००, इंजेक्टर क्लीनिंग १,५००, एसीची कूलिंग कॉइल सफाई १,२००, इंजिन फ्लश ७००, कन्झ्युमेबल्स ८००. पोस्टवाल्याचा सल्ला: "अंदाजावर एक रुपया देऊ नका. घरची दुसरी चावी घ्या, रात्री गाडी काढा, सकाळी गॅरेजचा बोर्ड फेसबुकवर टाका." खाली सगळे वाहवा करतायत.

हा सल्ला पाळणारा थेट गुन्ह्यात अडकेल, म्हणून सविस्तर लिहितोय. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०: ज्याने वस्तूवर कष्ट किंवा कसब खर्च केलं, त्याला कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. आणि चोरीच्या कलमात, पूर्वीच्या दंडविधानात ३७८ आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३०३, घड्याळाचं उदाहरणच दिलंय. दुरुस्तीचे पैसे देणं असताना घड्याळजीने कायदेशीर अडवलेलं आपलंच घड्याळ त्याचं तारण बुडवायला उचलून आणलं, तर ती चोरी. घड्याळाच्या जागी गाडी ठेवा.

पण हा हक्क मंजूर कामापुरता आणि त्याच कामाच्या पैशापुरता. तुमच्या दुसऱ्या गाडीची मागची उधारी यासाठी ही गाडी अडवता येत नाही. न सांगता केलेल्या एसी सफाईसाठीही नाही.

म्हणून भांडण एकूण आकड्यावर नको, ओळीवर हवं. प्रत्येक ओळीपुढे तीनच प्रश्न: मला विचारलं होतं का? मूळ कामासाठी ते लागतच होतं का? जुना पार्ट कुठे आहे? मान्य ओळींचे पैसे लगेच द्या. बाकीचे दिल्याशिवाय गाडी मिळत नसेल तर देण्याआधी बिलाच्या दोन्ही प्रतींवर हाताने लिहा: "गाडी ताब्यात मिळण्यासाठी हरकत राखून रक्कम देत आहे. ओळ क्र. अमुक-तमुक यांना माझी मंजुरी नव्हती." यूपीआयच्या टिपणीतही "हरकत राखून" टाका. आणि "काम समाधानकारक" असं छापलेल्या चिठ्ठीवर सही करू नका.

अजिंक्यतारा
म्हणजे शेवटी पैसे द्यायचेच ना? हरकत लिहून दिलेला पैसा परत आलेला कुणी पाहिलाय? एकदा रोकड गल्ल्यात गेली की साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, ग्राहकाला कुणी विचारत नाही. तुमचा सल्ला गॅरेजवाल्याच्या फायद्याचा आहे.

बारा-तेरा पान्हा
कृष्णाकाठ, कायदा बरोबर सांगितलात, पण सुरुवातच चुकली. हेडचा अंदाज हेड उघडण्याआधी पक्का सांगता येत नाही, हे तुम्ही लिहिलंच नाही. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ते किती वाकलं हे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावल्यावरच कळतं. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत ०.०५ मि.मी.च्या वर गेलं की फेसिंग करावंच लागतं. न करता नवं गॅस्केट टाकलं तर गाडी पुढच्याच घाटात परत बसेल, आणि तेव्हा हाच ग्राहक शिव्या द्यायला येईल. फेसिंगआधी प्रेशर टेस्ट नको? तडा असलेलं हेड फेसिंगला पाठवणं म्हणजे ग्राहकाचे पैसे मातीत.

कृष्णाकाठ
मान्य, फेसिंग उघडल्यावरच कळतं. पण ते लागण्याची शक्यता तर उघडण्याआधी माहीत असते ना? मग अंदाज दोन आकड्यांत लिहा: फेस सरळ निघाला तर इतके, फेसिंग, टेस्ट, बोल्ट लागले तर इतके, हेडच बदलावं लागलं तर काम थांबवून फोन. पट्टी-गेज लावलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला किती वेळ लागतो? त्यावर ग्राहकाचं "करा" आलं की ती लेखी मंजुरी झाली.

अजिंक्यतारा
बोल्टचं काय? १,९०० रुपयांचे बोल्ट! जुने बोल्ट तारेच्या ब्रशने घासून पिढ्यान्‌पिढ्या बसवत आलेत. ही शुद्ध लूट आहे.

बारा-तेरा पान्हा
अजिंक्यतारा, माहीत नसेल तर लिहू नका. कार्बोरेटरच्या जमान्यात ठराविक टॉर्कला, म्हणजे ठराविक जोराने पिळून, आवळलं की काम संपायचं. आता बऱ्याच इंजिनांत आधी टॉर्क, मग ९० अंश, काहींत परत ९० अंश असा कोनात आवळायचा बोल्ट असतो. तो मुद्दाम ताणला जातो. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तोच दाब धरेल याची खात्री नाही, मधेच मान बारीक होऊन तुटतोही. मग तुटका तुकडा ब्लॉकमधून काढायला लेथवाल्याकडे पळा. लूट म्हणताय त्या बोल्टवर सगळं गॅस्केट उभं आहे.

मिरज जंक्शन
पान्हा, सरसकट सांगू नका. काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बोल्टची लांबी किंवा दोन ठिकाणचा व्यास मोजून मर्यादेत असेल तर परत वापरायची मुभा आहे. काहींत नवेच टाका असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे उत्तर त्या इंजिनाच्या मॅन्युअलात आहे. गॅरेजवाल्याने ते पान दाखवावं, विषय संपला. आणि बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट राहिलं तर टॉर्क खोटा लागतो. ते हवेने साफ केलं का, हे कुणीच विचारत नाही!

बारा-तेरा पान्हा
मोजून वापरता येतात, ठीक. पण मोजायला व्हर्नियर धरणारे किती जण आहेत तेही सांगा. नवे टाकणं सुरक्षित, यावर मी ठाम आहे.

हिशेबवही
सगळे बोल्टात गुंतलात. खरी गळती बिलाच्या खालच्या भागात आहे. सीलबंद पाकिटातल्या पार्टवर छापलेली एमआरपी सर्व करांसहित असते. तरी एमआरपी लिहून वर पुन्हा जीएसटी लावलेली बिलं सर्रास दिसतात. ती तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांचा दर २८ वरून १८ टक्के झालाय, मजुरीवर १८ होताच. जुन्या सॉफ्टवेअरमधून २८ निघत असेल तर तिथेच थांबवा. आणि गॅरेज कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, त्याने कर न लावलेलं "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं असतं. कच्च्या चिठ्ठीवर पैसे दिलेत तर पुढे काहीच सिद्ध होणार नाही. मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

अजिंक्यतारा
कायदे सगळे कागदावर. ग्राहक आयोगात तारखा पडत राहतात. एवढ्याशा रकमेसाठी माणूस कामधंदा सोडून फिरणार?

हिशेबवही
पायऱ्या आहेत ना. आधी लेखी पत्र किंवा ईमेल, १५ दिवसांची मुदत, ओळवार रक्कम. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. गॅरेज पुण्याचं असलं तरी तुम्ही साताऱ्यात दाखल करू शकता. वेळ लागतो हे खरं, निकालाची ३ महिन्यांची मुदत बहुतेकदा पाळली जात नाही. पण नोटीस हातात पडली की बरीच प्रकरणं बाहेरच मिटतात.

मिरज जंक्शन
ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि भाजीचे पिकअप यांचं काय? "व्यापारी वापर" म्हणून हाकलतात असं ऐकवलं जातं, आणि ऐन हंगामात गाडी अडकली की माणूस मागतील तेवढे देऊन मोकळा होतो.

हिशेबवही
स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा "ग्राहक"च आहे, कायद्यातच तसा खुलासा आहे. एक पिकअप घेऊन स्वतः चालवणाऱ्याने तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहावं. दहा गाड्यांच्या मालकाला मात्र अवघड.

कृष्णाकाठ
मूळ बिलाकडे येतो. पान्हा, हेड खाली उतरवताना इंजेक्टर आणि रेल (त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी) बहुतेक इंजिनांत सुटतेच. मग क्लीनिंगच्या १,५०० मध्ये उघडण्याची मजुरी परत कशी? फार तर मशीनवर धुण्याचे आणि ओ-रिंगचे पैसे व्हावेत. एकाच खोलण्याची मजुरी दोनदा लावणं हा या बिलातला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि ग्राहकाला तो दिसतही नाही.

बारा-तेरा पान्हा
इंजेक्टरचं खरं आहे. नाही म्हणत नाही. एसीची कॉइल तर डॅशबोर्डच्या आत, तिचा हेडशी संबंधच नाही. ती ओळ कुणी लावली असेल तर त्याने काढावी. पण फ्लशवर माघार घेणार नाही. गॅस्केट जाऊन कूलंट ऑइलमध्ये उतरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, चिकटून राहिलं तर बेअरिंग खातं.

मिरज जंक्शन
त्यासाठी केमिकलची बाटली नको. चेंबर उतरवून पुसा, स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ आयडलवर चालवा, गरम असतानाच काढा, नवा फिल्टर, मग खरं ऑइल. आणि ऑइल दुधाळ झालंच नव्हतं, नुसतं पाणी कमी होत होतं, तर फ्लश कशाला? डिपस्टिकचा फोटो आहे का, एवढं विचारा.

बारा-तेरा पान्हा
फोटो नसेल तर ७०० सोडावे लागतील, बरं. कन्झ्युमेबल्समध्ये गॅस्केट सिलिकॉन, क्लीनर, पॉलिश पेपर लागतातच, पण सरसकट ८०० लिहू नये, नग लिहावेत. हेही घ्या.

अजिंक्यतारा
मग पोस्टवाल्याचं म्हणणं निम्मं खरंच ठरलं की! तुम्ही सगळे उगाच त्याच्यावर तुटून पडलात.

कृष्णाकाठ
रकमेबद्दल तो बराचसा बरोबर, चावीबद्दल पूर्ण चूक. फेसिंग-टेस्ट आणि बोल्ट धरून २०,७०० द्यायलाच हवेत. वाद ६,८०० चा आहे, ११,५०० चा नाही. बोर्डाचा फोटो टाकून खाली "चोर" लिहिलंत तर बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल. बिल टाका, त्यातल्या ओळी टाका, विशेषणं नकोत. राहिला वॉटर पंप, त्यावर माझं मत अजून ठरलेलं नाही.

बारा-तेरा पान्हा
ते पंप बघूनच ठरेल. टायमिंग बेल्टच्या आत पंप असेल तर त्याच उघडण्यात बदलणं शहाणपणाचं, आणि मजुरी जवळपास शून्य. चेनच्या इंजिनात पंप बऱ्याचदा बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, तिथे थोडी वेगळी मजुरी होते. जुना पंप मागा. शाफ्ट हाताने हलवून बघा, खेळ आहे का. अंगावरच्या बारीक भोकातून कूलंटचा वाळलेला ओघळ आहे का. पंखा झिजलाय का. यातलं एक जरी दिसलं तरी २,६०० योग्य, कारण त्यामुळेच गाडी तापली असू शकते. काहीच दिसलं नाही, किंवा जुना पंप "भंगारात गेला" असं उत्तर आलं, तर ती ओळ हरकतीत घाला. आणि थर्मोस्टॅट, रेडिएटरची टोपी, फॅन तपासला का तेही विचारा. या बिलात त्यांचा उल्लेखच नाही. तापण्याचं कारण न शोधता नुसतं गॅस्केट बदललं असेल, तर पंपापेक्षा ती चूक मोठी आहे.