न्यू जर्सी: घराजवळ बाल्ड ईगल कुठे, कधी दिसेल? (सोबत बाबा, वय ७६, गुडघे कुरकुरणारे)

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी. या विषयावर जुना धागा शोधला, सापडला नाही, म्हणून नवा काढतेय.

आम्ही ब्रिजवॉटरला राहतो. बाबा नोव्हेंबरपासून आमच्याकडे आहेत, मार्चअखेर परत जातील. न्यूयॉर्क दाखवून झालं, नायगारा थंडीमुळे राहिला, त्याचं त्यांना काही सोयरसुतक नाही. मागणी एकच: "तो डॉलरवरचा गरुड एकदा झाडावर बसलेला दाखव." म्हणजे पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल. प्राणिसंग्रहालयातला चालणार नाही, हेही लगोलग सांगून टाकलं.

आमचं गाव गुहागरजवळ. घरामागच्या उंडीवर काकणाचं घरटं असायचं, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं. झाडाखाली समुद्रसापांचे मणके पडायचे, ते गोळा करून बाबांनी लहानपणी डबा भरला होता म्हणे. त्यामुळे काकणाचा इथला चुलतभाऊ बघायचाच आहे.

गेले तीन शनिवार वाया गेलेत. पहिल्यांदा राउंड व्हॅलीच्या तलावावर पोचलो सकाळी अकराला (मुलांचं आवरेपर्यंत तेवढे वाजतातच). दोन मोठे काळे पक्षी घिरट्या घालत होते, मी आनंदाने ओरडले. बाबा म्हणाले, "गिधाड आहे ते." दुसऱ्या शनिवारी स्प्रूस रनला एक भलामोठा तपकिरी पक्षी दिसला, पंखांखाली चुना उडाल्यासारखे पांढरे डाग. डोकं पांढरं नव्हतं, म्हणून सोडून दिला. तिसऱ्या वेळी तापमान २८ फॅरनहाइट आणि वर वारा. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. आम्ही तासाभरात चार ठिकाणं फिरलो आणि डोनट खाऊन घरी आलो.

पक्ष्यांच्या अ‍ॅपवर रोज कुणी ना कुणी नोंद करतं, आम्ही पोचेपर्यंत तिथे काही नसतं. तर, गाडीतून बघता येईल अशी जागा हवी आहे. वेळ कोणती चांगली? आणि तो तपकिरी पक्षी कोण होता?

टिटवी

तुम्ही गरुड बघून आलात आणि तुम्हालाच पत्ता नाही. :)

डोकं-शेपूट पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर पोरगं तपकिरीच असतं, अंगावर पांढरे ठिपके. बरेच जण त्याला ससाणा किंवा गोल्डन ईगल समजून सोडून देतात. उडताना पंख बघा: गिधाड ते किंचित वर उचलून धरतं, इंग्रजी व्हीसारखे, आणि वाऱ्यात डुलत जातं. ईगलचे पंख लाकडी फळीसारखे सपाट, डुलणं नाही. चोच एवढी जाड की डोकं पंखांपुढे ठळक निघालेलं दिसतं. उन्हाळ्यात ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याशी घोळ होतो, पण त्याचं पोट पांढरं आणि डोळ्यावर काळी पट्टी असते. हिवाळ्यात तो इथून जातो, त्यामुळे सध्या ती काळजी नाही.

बादवे, बाल्ड म्हणजे टकला नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पांढरा असा होता. बाबा विचारणारच.

खाडीपल्याड

विचारून झालंय. "टक्कल कुठंय याला?" फोटो बघितल्या बघितल्या.

सुके_बोंबील

सरळ मेरीलँडला कोनोविंगो धरणावर जा. सस्क्वेहाना नदीवर आहे, तुमच्याकडून अडीच तास. टर्बाइनमधून येणारे मासे अर्धमेले होऊन धरणाखालच्या पाण्यावर तरंगतात आणि गरुड ते आयते उचलतात. नोव्हेंबरात तोफेएवढ्या लेन्सा लावून माणसं रांगेने उभी असतात. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो, मग सगळे एकदम कॅमेरे सरसावतात. एकाच झाडावर सात गरुड मोजलेत मी.

फक्त गाडी सांभाळा. तिथली काळी गिधाडं गाड्यांचं रबर कुरतडतात. माझ्या वायपरची एक पट्टी गेली आणि सनरूफचं रबर निम्मं. परत येताना पाऊस लागला तेव्हा गिधाडांच्या नावाने काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आळशी_बगळा

बोंबीलभाऊ, धरणाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात. आता जानेवारी अर्धा संपला. गुडघेदुखीच्या माणसाला पाच तास गाडीत बसवून कशाला न्यायचं? रॅरिटन नदी यांच्या दारात आहे.

ताई, तुमची चूक जागेत नाही, फिरण्यात आहे. तासात चार ठिकाणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं. गरुड हा पक्षी दिवसाचा बराच वेळ नुसता बसून काढतो. आपणही बसायचं. सध्या तलावांवर बर्फ धरलाय, मासे बर्फाखाली. अशा वेळी गरुड वाहत्या पाण्यावर येतात, कारण नदी सहसा पुरती गोठत नाही. तेव्हा नदीकाठचं एखादं पार्किंग निवडा, जिथून पाणी आणि पलीकडची उंच झाडं दोन्ही दिसतील. उजाडताना पोचा. गाडीचं तोंड नदीकडे, इंजिन बंद, काच थोडी खाली. गाडीत बसलेल्या माणसाला पक्षी फारसे घाबरत नाहीत, बाहेर पडून दार आपटलंत की संपलं. म्हणजे तुमच्या बाबांनी तिसऱ्या शनिवारी केलं तेच बरोबर होतं.

काय शोधायचं? झाडात अडकलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी. निष्पर्ण झाडात गरुडाचं डोकं तसंच दिसतं. नदीकाठी सिकॅमोरच्या फांद्याही पांढऱ्या असतात, त्या फसवतात. पण फांदी मान वळवत नाही.

आणि बदकं-गूज यांच्याकडे लक्ष ठेवा. सगळा थवा विनाकारण एकदम उठला तर आकाशात वर बघा. दुर्बीण ८x४२ पुरते, महागडी नको.

जुनं_खोड

मी १९८४ साली इथे आलो. तेव्हा अख्ख्या न्यू जर्सीत गरुडाची एकच घरटं करणारी जोडी होती, दक्षिणेला कंबरलँड काउंटीत. डीडीटी माशांतून त्यांच्या पोटात जायचं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की आई बसली की फुटत. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पुढे कॅनडातून पिल्लं आणून इथे सोडली. अलास्का, हवाई वगळता उरलेल्या देशात १९६३ साली ४१७ जोड्या मोजल्या होत्या, २०१९ च्या मोजणीत अंदाज ७१,४०० वर गेला. आमच्या पहिल्या वीसेक वर्षांत मला एकही दिसला नव्हता. आता वाण्याकडे जातानाही दिसतो, आणि नातू मान वर करत नाही.

अंतूबर्वे_नव्हे

अलास्कात डच हार्बरला या. मासेमारीच्या बोटींवर कावळ्यासारखे बसलेले असतात, कचरापेटीतही डोकं घालतात. राष्ट्रीय पक्ष्याबद्दलचा आदर पाच मिनिटांत उतरतो. (दिवे घ्या.)

टिटवी

मजेची गोष्ट म्हणजे १७८२ पासून राजमुद्रेवर असूनही कायद्याने तो "राष्ट्रीय पक्षी" झाला डिसेंबर २०२४ मध्ये. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

एक विनंती: घरटं सापडलं तर नेमकी जागा इथे लिहू नका. या दिवसांत ते घरट्याची डागडुजी करतात, फेब्रुवारीत अंडी. पायी असाल तर किमान ३३० फूट लांब राहायचं. आणि पीस सापडलं तरी उचलायचं नाही. गरुडाचं पीस नुसतं बाळगणंही इथे गुन्हा आहे, १९४० चा कायदा आहे.

खाडीपल्याड

अगं बाई. मुलाने तलावावरून एक मोठं काळं पीस आणून गणिताच्या वहीत ठेवलंय. गिधाडाचं असेल तर चालतं ना?

टिटवी

नाही चालत. १९१८ चा दुसरा कायदा आहे, त्यात गिधाड, गूज सगळे आले. जिथून उचललं तिथे नेऊन ठेवा.

खाडीपल्याड

धागा वर काढतेय, कारण दिसला!!

पीस परत ठेवून आलो (मुलगा रडला). बगळेदादांचं ऐकून गेल्या शनिवारी पावणेसातला नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मुलांना घरी नवऱ्याकडे सोडलं. बाबा, मी, आल्याचा चहा आणि मेथीच्या दशम्या. पन्नास मिनिटं काही नाही. काचेवर वाफ धरत होती, बाबा दर दोन मिनिटांनी मफलरने पुसत होते. मी दोनदा सिकॅमोरच्या फांदीला गरुड म्हटलं.

मग गूजचा थवा कलकलाट करत उठला. बाबांनी माझ्या हातावर चापट मारली, बोलले काहीच नाहीत. पाण्यावरून सरळ रेषेत आला, पंख अगदी फळीसारखे. समोरच्या झाडावर बसला तेव्हा त्याच्या वजनाने फांदी खाली-वर झाली, हे मला दुर्बिणीशिवाय दिसलं. पिवळीधमक चोच. थोड्या वेळाने एक तपकिरी पोरगंही येऊन खालच्या फांदीवर बसलं आणि दोघांची काहीतरी बाचाबाची झाली. आवाज ऐकून मी चाटच पडले. मला ती सिनेमातली दीर्घ किंकाळी अपेक्षित होती, इथे कोंबडीच्या पिल्लासारखं चिवचिव! (घरी येऊन वाचलं, सिनेमात बहुतेकदा लाल शेपटीच्या ससाण्याचा आवाज लावतात.)

बाबा वीस मिनिटं हलले नाहीत. मग म्हणाले, "बसणं काकणासारखंच. ओरडण्यात मात्र आपला काकण वरचढ." आणि राहिलेली दशमी मागितली.

सगळ्यांचे आभार. आता नवी अडचण. भाच्याने त्यांना कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या घरट्याचा थेट कॅमेरा लावून दिला, जॅकी आणि शॅडो या जोडीचा. बाबा रात्री अडीचला उठून टॅबलेट उघडतात, तिकडे तेव्हा साडेअकरा. "जॅकीबाई अंड्यावर नीट बसल्यात का" ते बघतात आणि बर्फ पडत असला तर मला उठवतात. यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?